पावतीपुस्तक

माझे वडील एका कापडाच्या पेढीवर कारकून होते, आणि महिन्याच्या आरंभी घरात जो जमाखर्च लिहिला जाई त्यात खोलीचे भाडे, वाण्याची उधारी व दुधाचा रतीब यांच्या पंक्तीस ग्रंथालयाची वर्गणी त्याच शाईने व त्याच वळणदार अक्षराने मांडलेली असे. पुस्तके विकत घेण्याची ऐपत आमच्या वाडीत फार थोड्यांना होती; तरीही दिवेलागणीनंतर खोल्याखोल्यांतून जे अखंड वाचन चाले, एका घरी आलेली कादंबरी परत करण्याच्या तारखेपूर्वी आणखी तीन घरांत जी फिरून येई, त्याचे कारण ठाकूरद्वारला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय होते आणि तेथे आमच्यापैकी बहुतेकांची अनामत रक्कम जमा होती. वर्गणीची पावती भाड्याच्या पावतीबरोबर भिंतीवरील तारेला टोचली जाई. या दोन पावत्या वडील कधी टाकीत नसत. डोक्यावर छप्पर असल्याचा जसा एक दस्तऐवज तसा वाचनाच्या हक्काचाही एक दस्तऐवज असतो, ही समजूत मला कोणी शब्दांनी दिली नाही. ती त्या तारेकडे पाहूनच माझ्या ठायी रुजली.

पुढे थोडे वाचन वाढल्यावर मला कळले की ही वर्गणीची चाल आमच्या प्रांती मोठ्या कष्टाने रूढ झालेली आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे; परंतु त्या काळच्या ‘नेटिव लायब्रऱ्यां’च्या मुळाशी गोऱ्या अंमलदारांचे उत्तेजन आणि संस्थानिक व सावकार यांचा आश्रय बहुधा असे. विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी १८९३ साली ठाण्यास केवळ मराठी ग्रंथांच्या संग्रहार्थ ग्रंथसंग्रहालय स्थापन केले व त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबईचे निघाले, तेव्हा या उद्योगामागे कारकून, शिक्षक, वकील अशा बेताच्या प्राप्तीच्या माणसांचा मोठा वर्ग उभा राहिला. आश्रयदात्याचे तैलचित्र भिंतीवर लागते आणि साधारण सभासदाचे नाव खातेवहीत राहते हे खरे; पण दिवा लावण्याचे तेल त्या खातेवहीतूनच येत असते.

मला मात्र या व्यवहाराचे अंतरंग समजले ते ठाकूरद्वारी नव्हे, तर आमच्या गावच्या वाचनालयामुळे. आमचे गाव राजापूर तालुक्यातले. गावात देवळाच्या धर्मशाळेची एक खोली वाचनालयास दिलेली होती, आणि तिचा खर्च मुंबईस नोकरीधंद्याला असलेल्या गावकऱ्यांनी चालवावा असा शिरस्ता पडला होता. या मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाची सभा रविवारी फणसवाडीतील एका खोलीत भरे. माझे अक्षर बरे म्हणून शाळकरी वयातच पावतीपुस्तक माझ्या हाती आले: मधे कार्बन घालून नाव, रक्कम आकड्यांत व अक्षरांत, तारीख, आणि वसूल करणाराची सही, मूळ पावती देणाऱ्याकडे, स्थळप्रत मंडळाच्या दफ्तरी. एका वडिलधाऱ्या काकांबरोबर मी मुगभाटापासून लालबाग-परळपर्यंत जिने चढत असे.

गिरगावातील सुशिक्षित घरांतून वर्गणी मिळे, पण तिच्याबरोबर पुष्कळ सूचनाही मिळत. परळला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. गिरणीतील पाळ्यांप्रमाणे तेथे माणसे आळीपाळीने निजत, आणि प्रत्येकाची पेटी भिंतीशी ओळीने मांडलेली असे. त्या खोलीतील निम्म्या माणसांना वाचता येत नव्हते. तरी पगाराच्या रविवारी एकेकजण पेटी उघडून रुपया काढी, मी पावती लिहिली की ती मला मोठ्याने वाचावयास सांगे, आणि मग घडी घालून पेटीतल्या कपड्यांखाली ठेवी. त्यांतला साचेखात्यातील एक गृहस्थ पावती नेहमी गावाकडच्या आपल्या मुलीच्या नावाने फाडावयास लावी. ती तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. पैसे याचे, नाव तिचे, म्हणजे उद्या तिला पुस्तक नाकारण्याची कोणाची प्राज्ञा होऊ नये, असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याने मला पूर्ण गांभीर्याने समजावून सांगितला. वर्गणी म्हणजे दान नव्हे, तो हक्क आहे व त्यास पुरावा लागतो, हे तत्त्व मी त्या निरक्षर माणसापासून शिकलो. पुढे ग्रंथालयशास्त्राचे ग्रंथ चाळले, पण त्याहून स्वच्छ प्रतिपादन मला कोठे आढळले नाही.

जमलेल्या रकमेतून वर्तमानपत्रांची वर्षाची वर्गणी भरली जाई, दिवाळी अंक घेतले जात, आणि मे महिन्यात गावी जाणारा कोणीतरी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पुस्तकांची ट्रंक मुसाकाजी बंदरापर्यंत नेई. असे अनेक वर्षे चालले. मी नोकरीस लागलो, काका निवर्तले, चिटणीसपद माझ्याकडे आले.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि परळच्या खोलीतून येणारी वर्गणी थांबली. मागण्यास जाणेही प्रशस्त वाटेना. त्या वर्षीच्या स्थळप्रती पाहिल्या म्हणजे गिरगावची नावे जागच्या जागी दिसतात आणि लालबाग-परळची पाने जवळजवळ कोरी आहेत. तेव्हा मला प्रथमच जाणवले की आमचे वाचनालय ज्यांच्या बळावर उभे होते ते आम्ही सभांतून भाषणे करणारे लोक नव्हतो. पुष्कळ कामगार गावी परतले. त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो तेव्हा वाचनालयाच्या ओट्यावर तीच मंडळी बसलेली होती. ज्याला वाचता येत होते तो संपाची बातमी वाचून दाखवीत होता व बाकीचे ऐकत होते. वर्तमानपत्राचे पैसे त्यांनीच पूर्वी भरलेले होते.

त्यानंतर सरकारी अनुदानाचा आधार अपरिहार्य झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याअन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस अ, ब, क, ड असा वर्ग देऊन परिरक्षण अनुदान दिले जाते. राज्यात अशी हजारो ग्रंथालये आहेत, ही लहान गोष्ट नव्हे, आणि कायदा करणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु ड वर्गाच्या, म्हणजे बहुधा खेड्यातील, ग्रंथालयाचे अनुदान कित्येक वर्षे सालीना ३० हजार रुपये होते. त्यातील निम्मी रक्कम वेतनाकडे धरली तर दरमहा १,२५० रुपये पडतात. एवढ्या मोबदल्यात रोज दार उघडणारी व्यक्ती गावोगाव मिळत राहिली, हा ग्रंथपालांचा उपकार समाजाने अद्याप नीट नोंदलेला नाही.

याहून मला सलते ते असे की आपल्या अधिनियमात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कराची तरतूद नाही. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालय-उपकर बसविला. आपल्याच कोल्हापूर संस्थानाने तर त्याही आधी, १९४५ मध्ये, हिंदुस्थानातील पहिला ग्रंथालय कायदा केला होता. आणि सर्वांत शहाणी योजना मला बडोद्याची वाटते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यास जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा खेड्यासाठी नियम असा ठेवला की ठरीव मर्यादेपर्यंत गावाने जेवढी रक्कम वर्गणीने उभी करावी तेवढीच प्रांतपंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी. अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने इंग्लंड-अमेरिकेत शेकडो ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या, पण त्याचीही अट हीच होती की इमारतीस लागलेल्या रकमेचा एक दशांश भाग गावाने दरसाल आपल्या करातून खर्चावा. दोघांनाही एक गोष्ट पुरती उमगली होती: गावाने स्वतःच्या खिशातून काही घातले नाही तर दार बंद पडले तरी चौकशी करावयास कोणी येत नाही. केवळ अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाचा जाब फक्त तपासणीस येणारा अधिकारी विचारतो, आणि तोही वर्षातून एखाद्या वेळी. वर्गणीदार रोज विचारतो.

म्हणूनच अनुदान सुरू झाल्यावर मंडळातील काहींनी आता वसुलीचा खटाटोप पुरे असे सुचविले, तेव्हा मी त्यास विरोध केला आणि आजही करीन. गिरगाव आता पुष्कळ रिकामे झाले आहे. फणसवाडीतील सभेची खोली राहिली नाही. मंडळी डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. मुले मोबाईलवरून पैसे पाठवितात आणि त्याची नोंद आपोआप होते. तरी गावच्या ग्रंथपाल बाई प्रत्येक रकमेची पावती हाताने लिहून तिचे छायाचित्र उलट पाठवितात, व माझ्या मते त्या फार उचित करतात.

गेल्या प्रजासत्ताकदिनाच्या ग्रामसभेत आम्ही अर्ज दिला की घरपट्टीच्या उत्पन्नातून वाचनालयास दरसाल निश्चित रक्कम मिळावी. फोन असताना वाचनालय कशाला, असे एकाने विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका मुलीने दिले. ती तलाठीपदाच्या परीक्षेची तयारी करीत होती. घरी दोन खोल्यांत सात माणसे असल्यामुळे मला पुस्तकाइतकीच टेबलाची व शांततेची गरज आहे, असे तिने सांगितले. ठराव मंजूर झाला, मात्र एकाच वर्षापुरता. मिळणाऱ्या रकमेतून पावसाळ्यापूर्वी मागील पडवीचे गळके कौल बदलावयाचे आहे आणि अभ्यासिकेसाठी आणखी एक लांब टेबल करावयाचे आहे. तरतूद कायम व्हावी, आणि वर्गणी जेवढी जमेल तेवढीच रक्कम ग्रामपंचायतीने घालावी, असा बडोद्याच्या धर्तीवरचा दुसरा अर्ज मी लिहावयास घेतला आहे. तो १५ ऑगस्टच्या सभेपुढे येईल. त्याला जोडण्यासाठी मागील पाच वर्षांच्या स्थळप्रतींवरून वर्गणीदारांची वर्षवार यादी करण्याचे काम सध्या चालू आहे.