दादा, आधी वाचून घे

प्रिय दादा,

निपाणीच्या त्या गिऱ्हाइकाला तू निम्मे पैसे परत दिलेस, हे मला वहिनीकडून कळलं. ‘एवढ्याशा आयसीचे एवढे?’ असं तो म्हणाला म्हणे, आणि तू लगेच विरघळलास. अरे, त्याला दुसरीकडे अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं ना? तू आठ पायांची, नखाएवढीही नसलेली बायोसची चिप बदललीस आणि लॅपटॉप उठवलास. त्यानं चिपची किंमत केली. तुझ्या डोळ्यांची कोण करणार?

एप्रिल १९९९मधला तो सोमवार आठवतो? कोल्हापुरात तू जायचास त्या कॉम्प्युटर क्लासमधली काही मशीनं सकाळी उठलीच नाहीत, व्हायरस शिरला होता. तारीख २६, चेर्नोबिलच्या अपघाताची. म्हणून लोक त्या व्हायरसलाही चेर्नोबिल म्हणू लागले. खरं नाव सीआयएच. लिहिणारा तैवानचा चेन इंग-हाउ, तुझ्यासारखाच शिकणारा पोरगा. तो व्हायरस हार्ड डिस्कची सुरुवात पुसायचाच, वर काही बोर्डांच्या बायोसमध्येही कचरा लिहून ठेवायचा. बायोस गेला की आपल्याला डिस्क आहे, कीबोर्ड आहे, एवढंही मशीनला कळत नाही. पंखा फिरतो, पडदा काळा.

तेव्हा बायोसची चिप बहुतेक सॉकेटात बसवलेली असायची. आणि तू काय केलंस? तसल्याच बोर्डाचं चांगलं मशीन डॉसवर सुरू केलंस आणि चालू मशीनमधनं त्याची बायोस चिप उपटलीस! मशीन एकदा उठलं की बायोसची नक्कल रॅममध्ये असते, म्हणून ते तग धरतं, हे तू मला नंतर समजावलंस. चिपखालून ओवलेला दोरा आईच्या शिलाई मशीनचा होता. रिकाम्या जागी मेलेली चिप बसवून तिच्यात नवा बायोस लिहिलास. घरी येऊन हे फुशारकीनं सांगितलंस, तर अण्णा म्हणाले, “लोकाचं मशीन जळलं असतं म्हंजे म्हस इकायची व्हती का रं?” मी हसले म्हणून तू दोन दिवस बोलला नाहीस.

आता सॉकेट दुर्मीळ झाले, चिप बोर्डावर डागलेली असते. विनबाँडची २५क्यू६४ मी ओळखते हं अजून. ६४ म्हणजे मेगाबिट, आपल्या हिशेबानं ८ एमबी. एवढ्याशा जागेत मशीनची सगळी पहाट. क्लिप लावून वाचताना वीज बोर्डात पाझरते आणि वाचन चुकतं, म्हणून तू सरळ हॉट एअरनं चिप उतरवतोस. पहिल्या पायाचा ठिपका बघतोस. १.८ व्होल्टची आहे की ३.३ची, हे पाहिल्याशिवाय प्रोग्रामरला जोडत नाहीस. तो काळा, स्वस्तातला सीएच३४१ए तर तू दुकानात ठेवतही नाहीस, कारण चिपला ३.३ देतानाही तो डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट सोडतो. नवी पोरं हसतात तुला. हसू देत.

आणि मग तुझं ते पेटंट वाक्य: “आधी जुनं वाचून घे.” दोनदा वाचायचं, दोन्ही फायली जुळल्या तरच पुसायचं. नेटवरची आयती फाइल मारली तर मशीन उठतं, पण स्वतःचा सीरियल नंबर विसरतं, विंडोजची चावी हरवतं, कधी नेटवर्कचा पत्ताही. करप्ट झालेल्या फायलीतनंही तू ते तुकडे शोधून नव्यात बसवतोस. अपडेट चालू असताना लाईट गेलेले इंजिनिअरिंगच्या पोरांचे लॅपटॉप असोत, नाहीतर पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्याचा तो म्हातारा पीसी, ज्याच्याशिवाय त्यांचं मशीन ढिम्म हलत नाही. प्रत्येकाचं जुनं तू जपलंस.

कुठं जपलंस पण? काउंटरखालच्या त्या एका हार्ड डिस्कवर! इतक्या वर्षांच्या फायली, बोर्डाच्या नंबरानं लावलेल्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठंही नाही. गेल्या खेपेला ती डिस्क कटकट करत होती. मी विचारलं तर म्हणालास, “चालतीय की.” गिऱ्हाईक असं म्हणालं असतं, तर तू त्याला दुकानाबाहेर काढलं असतंस. रागावू नको, पण हा आळस नाही, ही बेफिकिरी आहे. स्वतःच्या कामाला तूच कमी लेखतोस, म्हणूनच निपाणीच्या माणसाला निम्मे पैसे परत जातात.

आणि डिस्कवर नाही ते? कुठल्या बोर्डाचा बायोस सारखा बिघडतो, कुठला बिघाड बायोससारखा दिसतो पण असतो दुसराच, कुठल्या चिपला उष्णता सोसत नाही, हे फक्त तुझ्या डोक्यात आहे. हाताखालच्या पोरीला तू चिप डागायला शिकवलंस. का डागायची, ते कधी सांगणार? तुझ्याकडनं शिकले म्हणून तर मी पुण्यात या धंद्यात तग धरू शकले. मला बाजूला बसवून दाखवायचास, तसं तिला दाखव. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि वाद कमी घालते.

उरुसाला येते आहे. दोन नव्या डिस्क घेऊन येते, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. गैबी चौकात भटकायचं ते नंतर. आधी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, आणि कॉपी पुरी होईपर्यंत एकही गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही. तू बोलायचं, मी वहीत उतरवणार. वहिनीला सांग, तांबडा रस्सा दुकानातच पाठव. आणि लाइटचा भरवसा नाही, यूपीएसची बॅटरी आजच बदलून घे.

तुझी,
धाकटी