झाशीची जुनी जीप आणि तिचे सुटे भाग

झाशीचे नाव मराठी घरात नवे नाही. राणी लक्ष्मीबाईंमुळे ते लहान मुलांनाही ठाऊक असते. आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकून पडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाल्यापासून तर हे दूरचे शहर मराठी वाचकाला शेजारच्या गावासारखे वाटत आले आहे. आपण तेथे जाल तेव्हा टेकडीवरचा किल्ला, राणीमहाल, महालक्ष्मीचे मंदिर आणि गंगाधररावांची समाधी ही स्थळे पाहालच. या लेखात मात्र आपली ओळख झाशीकडच्या एका वेगळ्याच रहिवाशाशी करून द्यावयाची आहे. ती म्हणजे जुनी जीप.

बुंदेलखंडाची भूमी पाहिली की जीप येथे इतकी का रमली, हे सांगावे लागत नाही. तांबडी माती, तिच्यातून वर आलेले ग्रॅनाइटचे खडक, बेतवा आणि पहूज या नद्यांची खडकाळ पात्रे आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्याही वर जाणारा उन्हाळा, असा हा मुलूख आहे. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग झाशीजवळच एकमेकांना छेदतात. परंतु ते सोडून शेतांकडे व खेड्यांकडे वळले की चाकांची परीक्षा सुरू होते. शिवाय झाशी ही जुनी लष्करी छावणी आहे आणि सुमारे पंचवीस किलोमीटरवर बबीना येथे सैन्याचे मोठे सरावक्षेत्र आहे. सैन्याने वापरून निकालात काढलेल्या गाड्या लिलावातून नागरिकांकडे येण्याची रीत आपल्या देशात जुनीच आहे.

समजा, अशी एक जीप आपल्या घरात वडिलांपासून चालत आली आहे, अथवा आपण ती नुकतीच विकत घेतली आहे. ती धावती ठेवावयाची तर आज ना उद्या सुटे भाग लागणारच. ते कोठून आणावेत? हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. गाडीत आपली मुलेमाणसे बसणार असतात, आणि ओरछ्याहून परतताना उतारावर ब्रेक लागला नाही तर स्वस्तात घेतलेला भाग फार महाग पडतो.

प्रथम आपली गाडी कोणती, हे नीट ओळखावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर येथे उरलेल्या काही गाड्या नागरिकांच्या हाती गेल्या. पुढे १९४५ साली लुधियाना येथे स्थापन झालेल्या आणि नंतर महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. म्हणजे झाशीची जीप ही एका अर्थाने मुंबईची माहेरवाशीणच होय.

युद्धकाळातील जीप आणि नंतरची सीजे-३बी या दोहोंची इंजिने आकारमानाने सारखीच, २,१९९ घनसेंटिमीटरची. पण रचना निराळी. पहिलीत आत घेणारे व बाहेर टाकणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात. दुसरीत आत घेणारा व्हॉल्व्ह वर, सिलिंडर हेडमध्ये असतो. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. उंच बॉनेट दिसले की सीजे-३बी, ही ओळख लक्षात ठेवावी. युद्धकालीन गाडीची गिअरबॉक्स टी-८४, तर नंतरच्या गाड्यांची टी-९०. एकीची चाके दुसरीत बसत नाहीत. जुनी विद्युत्‌व्यवस्था ६ व्होल्टची, नंतरची १२ व्होल्टची. लिलावातून आलेली जोंगा ही तर तिसरीच जात. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात निसान कंपनीच्या आराखड्यावरून ती बनत असे. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन सुमारे चार लिटरचे आहे. दुकानदारापुढे नुसते ‘जीपचा पुर्जा द्या’ असे म्हणून उपयोग नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता बाजाराकडे वळू. पहिला बाजार झाशीचाच. काही वस्तूंसाठी शहर सोडण्याची मुळीच गरज नसते. बेअरिंगचे उदाहरण घ्या. चांगल्या कंपनीच्या बेअरिंगवर तिचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक जुळला की गाडी कोणती, हा प्रश्नच उरत नाही. मग बेअरिंग झाशीच्या दुकानातले असो की मुंबईच्या, काम सारखेच करते. तेलाची सीलेही आतील व बाहेरील व्यास आणि जाडी मोजून मिळतात. पाट्यांची दुरुस्ती, रेडिएटरला झाळणे, गास्केट कापून घेणे, ही कामे स्थानिक कारागीर उत्तम करतात. झाशीत १८९५ पासून रेल्वेचा कारखाना आहे. अशा शहरात लेथवर हात बसलेला माणूस मिळणे कठीण नसते. तेथे लेथला ‘खराद’, पाट्यांना ‘कमानी’ आणि आट्यांना ‘चूडी’ म्हणतात. एवढे तीन शब्द आणि ‘मिस्त्रीजी’ ही आदराची हाक आपल्यापाशी असली की काम सोपे होते.

आट्यांविषयी एक सावधगिरीची सूचना. जुन्या जीपचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे आहेत आणि आजच्या गाड्यांचे मिलिमीटरचे. जवळपास बसणारा बोल्ट पाना लावून दाबून बसविला की तो बसल्यासारखा वाटतो, पण आतले आटे झिजवून टाकतो. तसेच अनेक जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला पोरगा सगळे बळ लावून नट सोडवू पाहतो आणि चाकाचा खिळाच तोडून बसतो. ६.००-१६ मापाचे टायर आजही मिळतात. मात्र त्याच मापाचे, लांब पट्ट्यांचे टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांसाठीही असतात. ते शेतासाठी आहेत, महामार्गावरील वेगासाठी नव्हेत.

दुसरा बाजार दिल्लीचा. झाशीहून ती रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे आणि जलद गाडीने साडेचार-पाच तासांत गाठता येते. तेथील काश्मीरी गेट हा मोटारीच्या सुट्या भागांचा देशातील मोठा बाजार आहे. क्लचची प्लेट, पाण्याचा पंप, पिस्टनच्या कड्या, ब्रेकचे सिलिंडर असे नवे भाग पाहून, दोन-चार दुकानांत भाव विचारून घ्यावयाचे असतील तर येथे यावे. मात्र एकाच डबीसारख्या दुसऱ्या डबीत हलका माल असू शकतो. म्हणून जुना भाग धुऊन पुसून बरोबर न्यावा, दोन्ही शेजारी ठेवून मापून पाहावेत आणि पक्की पावती घ्यावी. जुना भाग नेण्याचे हे ओझे ज्याने टाळले, त्याला बहुधा दुसरी खेप करावी लागते.

मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात आणि जुन्या मालासाठी कुर्ल्याकडे असाच शोध घेता येतो. पंजाब व हरियाणाच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव उघड्या जीपगाड्या बांधण्याबद्दल प्रसिद्ध आहे. गंजून गेलेल्या पत्र्याच्या जागी नवी बॉडी हवी असणारे तिकडे जातात.

तिसरा मार्ग भंगाराचा. मोडीत निघालेल्या गाडीचे काही भाग नव्यापेक्षाही चांगले असतात, हे खरे आहे. गिअरबॉक्सचे कवच, ॲक्सलची नळी, बॉनेट, काचेची चौकट हे जाड धातूचे भाग तडा तपासून जुने घ्यावेत. परंतु ब्रेकचे रबर, नळ्या व सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे आणि पुढच्या चाकांच्या किंगपिनची बेअरिंगे जुनी घेऊ नयेत. किंगपिन झिजली की विशिष्ट वेगाला पुढची चाके थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. हा दोष नवी बेअरिंगे घालून आणि शिमच्या पातळ चकत्यांनी योग्य ताण देऊन दूर होतो. येथे काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

इंजिनाचा अथवा चेसिसचा क्रमांक खोडलेला दिसला तर तो माल कितीही स्वस्त असो, हात लावू नये. सैन्याच्या मालाबाबतही हेच. तो सरकारी लिलावातून, कागदपत्रांसह आलेला असला तरच घ्यावा.

चौथा मार्ग परदेशाचा. अमेरिकेत या गाड्यांचे नव्याने घडविलेले भाग विकणारे व्यापारी आहेत. फिलिपीन्समध्येही, जेथे युद्धातल्या जीपमधून ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी जन्मली, जुन्या नमुन्याच्या पत्र्याच्या बॉड्या बनतात. पण मागणी नोंदविण्यापूर्वी एक गोष्ट आठवावी. तिकडच्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे उजवीकडे. म्हणून स्टिअरिंगचा डबा, पॅडलांची जुळणी, समोरची फळी हे भाग तिकडचे बसतीलच असे नाही. इंजिनाच्या आतील भागांना ही अडचण नाही. वाहतूक आणि जकात धरून हिशेब करावा व जे येथे खरोखरच मिळत नाही तेवढेच मागवावे.

शेवटी एक मोठा निर्णय. पेट्रोल महाग, म्हणून जुने इंजिन काढून डिझेलचे बसवावे, असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. पूर्वी अनेकांनी तसे केले. जी गाडी रोज शेतावर राबणार आहे, तिच्याबाबत हा विचार समजण्यासारखा आहे. परंतु त्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी व नोंदणीपुस्तकात नोंद आवश्यक असते. दुसरी बाजूही पाहावी. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी तरतूद झाली. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेल्या गाडीला ती मिळत नाही. आणि ज्या गाडीला मिळते ती प्रदर्शन, फेरी अशा ठराविक कारणांखेरीज रस्त्यावर नित्य वापरता येत नाही. तेव्हा गाडी राबवावयाची की जपावयाची, हे कुटुंबाने आधी एकत्र बसून ठरवावे. सुटे भाग कोठून आणावेत, याचे निम्मे उत्तर त्या एका निर्णयातच असते.

एक वही करावी. तीत गाडीचा चेसिस व इंजिन क्रमांक, प्रत्येक बेअरिंगचा आकडा, सीलांची मापे, कोणता भाग कोणत्या दिवशी कोठून व कितीला घेतला, हे लिहीत जावे. वडिलांच्या हातची अशी वही मुलाला मिळाली तर गाडीइतकीच ती मोलाची ठरते.

आणि काम पुरे झाले की एखाद्या हिवाळ्याच्या सकाळी ब्रेक दोनदा दाबून पाहावा, रेडिएटरचे पाणी पाहावे आणि घरच्या सर्वांना घेऊन ओरछ्याचा रस्ता धरावा. अंतर अठरा किलोमीटरच्या आतले आहे. बेतवेच्या काठी छत्र्यांच्या सावलीत गाडी उभी करून चाकांचे हब हाताने चाचपून पाहा. चारही सारखेच कोमट लागले तर आपली खरेदी योग्य ठिकाणी झाली, असे खुशाल समजावे.