तिकीट नसलेली रात्र

‘खापर’ म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? बहुतेकांना मराठीच्या पेपरातला वाक्प्रचार आठवेल. ‘खापर फोडणे’, म्हणजे दोष दुसऱ्याच्या माथी मारणे! खानदेशातल्या एखाद्या आजीला विचारलंत, तर ती सांगेल, ‘अरे, खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मातीचं भांडं. त्यावर पुरणाचे मांडे भाजतात.’ दोन्ही उत्तरं बरोबर. पण आता नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि डावीकडच्या वरच्या भागात, गुजरातच्या हद्दीजवळ बोट ठेवा. तिथं खापर नावाचं एक गावही आहे. आज आपल्याला त्या बाजूला जायचंय, आणि तेही रात्रीचं गाणं-वाजवणं ऐकायला!

जायचं कसं? सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नंदुरबार स्टेशनात उतरायचं आणि अक्कलकुव्याची एसटी धरायची. वाटेत तापी नदी ओलांडायची, तळोदा मागं टाकायचं. अक्कलकुव्यानंतर तोच रस्ता पुढं खापरवरून गुजरातेत, थेट अंकलेश्वरकडे जातो. उजव्या हाताला सातपुड्याच्या रांगा सोबत करत असतात. त्या रांगांच्या पलीकडे, तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. म्हणजे खालच्या अंगाला तापी, वरच्या अंगाला नर्मदा आणि मधे हा मुलूख. आपल्या गोदावरी-कृष्णा पूर्वेकडे धावतात, या दोघी मात्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातात. भूगोलाच्या पेपरात हे विचारलं, तर खापरची आठवण ठेवा!

आणखी एक गंमत. तुमच्या आई-बाबांनी शाळेत जो महाराष्ट्राचा नकाशा रंगवला, त्यात नंदुरबार जिल्हा असण्याची शक्यता कमीच. कारण तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. अक्कलकुवा तालुक्यात बहुसंख्य लोक आदिवासी आहेत. मुलं शाळेत मराठी शिकतात, पण घरी कुणी देहवाली बोलतं, कुणी नोयरी. डोंगरातली पुष्कळ मुलं आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. त्यांना वर्षभर वेध लागतात ते दोन सणांचे. एक येतो काळोख्या रात्री, दुसरा भर चांदण्यात. दोहोंमधे अंतर असतं साधारण सोळा दिवसांचं.

काळोखातली वाट

पहिला सण महाशिवरात्रीचा. माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवसाची रात्र. आकाशात चंद्र जवळजवळ नसतोच. या दिवसांत खापरकडच्या रस्त्यानं माणसं सीमेपलीकडे जायला निघतात. सागबारा तालुक्यातल्या देवमोगरा इथं याहामोगी मातेची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा तीन राज्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. लोकांच्या कथा सांगतात, की मोठा दुष्काळ पडला तेव्हा या मातेनं भुकेल्यांना धान्य दिलं. म्हणून तिला वाहायला लोक टोपलीत नवं धान्य घेऊन जातात. शेतात पिकलं त्यातलं पहिलं तिचं!

राज्याची सीमा नकाशावर ठळक रेघ ओढून दाखवतात. यात्रेतल्या माणसांना मात्र ती रेघ फारशी दिसत नाही. अलीकडं मामा, पलीकडं मावशी. पाटी मराठीतून गुजरातीत बदलते, गाणं तेच राहतं.

होळीचा बाजार

यात्रा आटोपली, की होळीची गडबड सुरू. होळीच्या आधीच्या आठवडे बाजारांना सातपुड्यात भोंगऱ्या बाजार म्हणतात. घुंगरू, रंग, नारळ, गूळ, डाळ्या, खजूर आणि साखरेचे हार-कंगण. होळीला लागणारं सगळं इथं मिळतं. ढोलवाले ढोल घेऊनच बाजाराला येतात आणि खरेदी राहते बाजूला, नाच आधी सुरू होतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. या बाजाराबद्दल बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलंय, की इथं मुलं-मुली लग्न जुळवायला येतात. इथल्या शिकलेल्या तरुणांना याचा राग येतो. त्यांचं म्हणणं सरळ आहे – हा होळीच्या सामानाचा बाजार आहे; तुमच्या गावच्या दिवाळीच्या बाजारात जसे ओळखीचे लोक भेटतात, तसे इथंही भेटतात. कुणीतरी एकदा लिहिलं आणि बाकीच्यांनी तेच उतरवून काढलं! वर्गात शेजाऱ्याची वही बघून लिहिलं, की चूकसुद्धा जशीच्या तशी येते ना? तसंच.

चांदण्यातली रात्र

आता मुख्य रात्र. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला जायचं. तिथून जवळच काठी हे गाव. इंग्रजांच्या काळात या भागात मेहवासी संस्थानं होती, त्यांपैकी काठी हे एक. म्हणून इथली होळी ‘राजवाडी होळी’. संस्थानं गेली, राजेपण गेलं, पण होळीचा मान आजही काठीचाच.

होळीसाठी उंचच उंच, सरळसोट बांबू जंगलातून खांद्यावर वाहून आणतात. खड्डा खणायला कुदळ-फावडं चालत नाही. तो हातानं उकरायचा. शेकडो हात लागले, की तेवढा बांबूही उभा राहतो. यंत्र नाही, क्रेन नाही.

आणि मग येतात बुध्या! अंगावर राखेचे, तांदळाच्या पिठाचे ठिपके आणि पट्टे. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरू. वाळलेला भोपळा आतून पोकळ असतो, बिया सुट्या झालेल्या असतात. नाचणारा उडी मारतो, की शंभर खुळखुळे एकदम वाजावेत तसा आवाज निघतो. असे पन्नास-शंभर जण एका ठेक्यात उडी मारतात, तेव्हा काय होत असेल, कल्पना करा! बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरतात. अंगावर चांदीचे दागिने, तोंडी गाणं. रांग पुढं जाते, मागं येते, लाटेसारखी.

ढोल तर असे, की एकट्यानं उचलताना दमछाक व्हावी. तोंड जेवढं मोठं, तेवढा आवाज खर्जातला. छातीतच वाजल्यासारखा वाटतो! मधूनमधून ढोलवाले शेकोटीपाशी जाऊन ढोल शेकतात. का, ओळखा पाहू! रात्रीच्या गारव्यात, दवानं कातडं ओलसर होतं आणि सैल पडतं. मग आवाज बसतो. शेक लागला, की ओल उडून जाते, कातडं ताणलं जातं आणि ढोल पुन्हा खणखणू लागतो. विज्ञानाचं पुस्तक न उघडता शिकलेला हा प्रयोग आहे.

फाल्गुन पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो. रात्रभराचा दिवा आयताच! अशी सारी रात्र नाचून झाली, की पहाटे होळी पेटते. आपल्याकडं होळी संध्याकाळी पेटते आणि आपण पोळी खाऊन झोपतो. इथं जागरण आधी आणि होळी शेवटी.

किंमत किती?

शहरात रात्रीचा संगीताचा कार्यक्रम म्हटलं, की आधी तिकिटाची चौकशी होते. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा. कितीतरी विद्यार्थी स्वस्तातलं तिकीट काढून भारतीय बैठकीवर पहाटेपर्यंत बसायचे. पुढं २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकरवर बंधन आलं आणि त्या रात्री आखडल्या.

काठीला तिकीट नाही, स्टेज नाही, पहिली रांग-शेवटची रांग नाही. मग हे फुकट आहे का? मुळीच नाही! बुध्या होणारा माणूस होळीच्या आधीपासून व्रत पाळतो. खाटेवर झोपायचं नाही, जमिनीवर झोपायचं, खाण्यापिण्याचे नियम पाळायचे. बांबू वाहणाऱ्यानं खांदा दिला, खड्डा उकरणाऱ्यानं हात दिले, ढोलवाल्यानं झोप दिली. प्रत्येकानं आपापली किंमत मोजलेली आहे. फक्त ती रुपयांत नाही.

आणि सगळ्यांत मोठी किंमत आहे घरी परतण्याची. इथली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात. महिनोन्‌महिने गाव अर्धं रिकामं असतं. पण होळीला माणसं परततात. नर्मदेवर सरदार सरोवर धरण झालं, त्यात अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. काहींना डोंगर सोडून खाली तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर नव्या वसाहतींत राहायला यावं लागलं. शेत उचलून नेता येत नाही, नदीही नेता येत नाही. ढोल मात्र खांद्यावर घेऊन जाता येतो.

म्हणूनच इथं खरी काळजी आहे, ती ढोल शिकणाऱ्या मुलांची. ढोलाचा क्लास नसतो. रात्रभर मोठ्यांच्या पायांमधे घुटमळत, हळूच काठी हातात घेऊन पोर शिकतं. आई-बाप उसाच्या फडात, मूल वसतिगृहात आणि होळी नेमकी परीक्षेच्या तोंडावर – मग शिकायचं कधी? त्यात मोठाल्या स्पीकरच्या भिंतीचा मोह आहेच. बटण दाबलं, की गाणं सुरू! सोपं आहे खरं. पण बटण दाबणाऱ्याला कुणी ‘ये, रांगेत ये’ म्हणत नाही. शाळेतून कुणी विचारलं, ‘तुला काय येतं?’ तर ‘मला ढोल येतो’ हे उत्तर मुलानं मान वर करून द्यावं, आणि गुरुजींनी त्याची तशीच दखल घ्यावी. एवढं झालं तरी खूप.

तुम्ही गेलात तर

आई-बाबांबरोबर कधी गेलात, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. व्रतस्थ बुध्याच्या अगदी समोर मोबाइल धरून उभे राहू नका. तो तुमच्यासाठी नाचत नाहीये, आपला नवस फेडतोय. फोटो हवा असेल, तर आधी विचारा. मार्चमधेही डोंगरात पहाटे थंडी वाजते, अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या. आणि कुणी रांगेत बोलावलं, तर लाजू नका. पाऊल चुकलं तर शेजारचा सांभाळून घेतो.

जाणं जमलं नाही, तरी एक करता येईल. तुमच्या गावात, वाड्यावर, गल्लीत एखादं वाद्य फक्त म्हाताऱ्या हातांनाच येत असेल. संबळ असेल, सनई असेल, दिमडी असेल. त्या आजोबांना गाठा आणि निदान एक ठेका शिकून घ्या. नाहीतर उद्या ते वाद्य मुकं झालं, की आपण एकमेकांकडं बघत बसू – आणि खापर फोडायला कुणाचा माथाही सापडणार नाही!