नियमावलीचे दिवस

3 जुलै

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आज ठराव झाला : वाचनालयाची धोरणे लेखी करायची. आमच्याकडे संस्थेची घटना आहे. मान्यता, वर्ग आणि अनुदान यांची चौकट 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आणि 1970 चे नियम घालून देतात. पण पुस्तके कोणत्या कसोटीवर घ्यायची, देणगी कधी नाकारायची, एखाद्या पुस्तकाविरुद्ध तक्रार आली तर काय करायचे, हे आमच्या कुठल्याच कागदावर नाही. अध्यक्ष म्हणाले, "गावातलं वाचनालय, सगळे ओळखीचे. कागद कशाला?" मी म्हटले, "अण्णा, ओळखीच्यांना कागद लागतच नाही. पहिल्यांदा पायरी चढणाऱ्याला लागतो." मसुद्याचे काम माझ्याकडे आले.

9 जुलै

सुरुवात सभासदत्वापासून. जुन्या अर्जावर एका सभासदाची शिफारस लागते. आज धुणीभांडी करणाऱ्या एक ताई आठवीतल्या मुलीला घेऊन आल्या. भाड्याची खोली, गावात नव्या. सही कुणाची आणणार? चिटणीसांनी स्वतः सही दिली, म्हणून मुलीला पुस्तक मिळाले. पण दर वेळी चिटणीस हजर असतीलच असे नाही. शिफारशीची अट पुस्तके परत यावीत म्हणून घातलेली. त्यासाठी अनामत आहेच. मसुद्यात लिहिले : शिफारस नको. ओळखीचा एक पुरावा किंवा शाळेचे पत्र पुरे. अनामत हप्त्याने भरता येईल. वाचनकक्ष आणि वृत्तपत्रे सर्वांना मोफत.

21 जुलै

एका निवृत्त शिक्षकांच्या घरून पुस्तकांची खोकी आली. निम्म्याहून अधिक जुनी गाइडे आणि कालबाह्य वार्षिके. घरच्यांची इच्छा, वडिलांच्या नावाचे वेगळे कपाट व्हावे. भावना खरी आहे. जागा मात्र तेवढीच आहे. देणगीचे कलम त्यांच्यासमोरच लिहिले : देणगी विनाअट असावी, काय ठेवायचे ते ग्रंथनिवड समिती ठरवील, बाकीची पुस्तके दात्याला परत किंवा दुसऱ्या संस्थेला. स्थानिक इतिहास, तालुक्यातील लेखकांची पुस्तके, जुने दिवाळी अंक जीर्ण असले तरी स्वीकारायचे. ते इथे जपले नाहीत तर दुसरीकडे मिळतीलच असे नाही. खोक्यांच्या तळाशी गावच्या जत्रेवरची एक छापील पुस्तिका निघाली. ती आज दाखल झाली. दात्याचे नाव आतल्या पानावर लिहिले, आणि घरच्यांना तेवढ्याने समाधान वाटले.

2 ऑगस्ट

पावसाने मागच्या भिंतीला ओल धरली आहे. खालच्या फळीवर कसर दिसली. निर्लेखनाचे कलम आता टाळता येणार नाही. पुस्तक बाद करणे म्हणजे पाप, असे मानणारे मंडळात दोघे-तिघे आहेत. पण रद्द झालेल्या करकायद्याचे पुस्तक फळीवर ठेवणे म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणे. कसोट्या ठरवल्या : फाटून वाचण्याजोगे न उरलेले, माहिती जुनी झालेले, कित्येक वर्षे कुणी न नेलेले. शेवटची कसोटी एकटी कधीच पुरेशी नाही. दुर्मीळ पुस्तक असेल तर मोठ्या ग्रंथसंग्रहालयांत प्रत आहे का, ते आधी विचारायचे. यादी तिघांनी पाहायची, मंडळाचा ठराव घ्यायचा, आवश्यक ती परवानगी मिळवायची, मगच दाखल नोंदवहीत शेरा. एकट्या ग्रंथपालाच्या हाती हा अधिकार असू नये, असे मला मनापासून वाटते.

12 ऑगस्ट

ग्रंथपाल दिन. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्यांचा जन्म 1892 चा; ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचे त्यांचे पुस्तक 1931 चे. शाळेतल्या मुलांना मी सांगितले की, भारतातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासचा 1948 चा, महाराष्ट्राचा 1967 चा. संध्याकाळी मसुद्यातले एकेक कलम पाच सूत्रांपुढे ठेवून पाहिले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, या सूत्रापुढे 'देवघेव फक्त दुपारी 4 ते 6' हे कलम टिकले नाही. शेतावर आणि दुकानात राबणाऱ्यांसाठी रविवारी सकाळची वेळ घातली.

25 ऑगस्ट

एक गृहस्थ कादंबरी घेऊन आले : "हे आजच्या आज काढा." त्याच दिवशी दुसऱ्या एका वडिलांनी विचारले, कॉलेजातली मुलगी काय वाचते? दोघांनाही नकार द्यायला एकाच प्रकारचे धैर्य लागते. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयाचा जाहीरनामा पहिल्यांदा 1949 मध्ये निघाला. तो 1994 मध्ये नव्याने लिहिला गेला, तेव्हापासून त्यात स्पष्ट म्हटले आहे की ग्रंथसंग्रहावर वैचारिक, राजकीय वा धार्मिक सेन्सॉरशिप नसावी. 2022 च्या आवृत्तीतही ते कायम आहे. आमचे कलम : तक्रार लेखी, पुस्तक पूर्ण वाचून, तिघांची समिती तेही पूर्ण वाचील, 30 दिवसांत लेखी उत्तर, तोवर पुस्तक फळीवरच. आणि कोण काय वाचतो, हे कायदेशीर आदेशावाचून कुणालाही सांगायचे नाही, घरच्यांनाही नाही. टेबलावर उघडी पडणारी देवघेवीची वही आजपासून खणात.

14 सप्टेंबर

वार्षिक सर्वसाधारण सभेत नियमावली मंजूर. विलंब शुल्कावर बराच वाद झाला. काहींना ते दुप्पट हवे होते. एक शिक्षिका उठून म्हणाल्या, "दंडाच्या भीतीनं मूल पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही." बालविभागातला दंड रद्द झाला, आधीचे पुस्तक परत आल्यावर नवे मिळेल, एवढेच बंधन उरले. सवलत द्यायची तर कारणासह लेखी, तोंडी कुणालाच नाही. दर तीन वर्षांनी फेरविचार.

त्यासाठी मी एक वही मागितली आणि सभेने ती दिली : कोणत्या कलमामुळे वाचकाला परत जावे लागले, याची नोंद. नाव लिहायचे नाही. तारीख, कलम आणि वाचकाची अडचण, एवढेच. ज्या कलमापुढे नोंदी वाढतील, त्यापासून फेरविचार सुरू होईल.