कोरियन मुलांसाठी इंग्रजीचे पुस्तक शोधताना

निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घ्यायच्या नाहीत असे मी ठरवले होते. पण २०१७ साली आमच्या सोसायटीत एक कोरियन कुटुंब राहायला आले. वडील सावलीकडच्या एका कारखान्यात यंत्रे उभारण्याच्या कामावर, दोन वर्षांसाठी. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी तेराची. दोघांना इथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले होते आणि दोघेही वर्गात तोंड उघडत नव्हते. एके दिवशी आई त्यांना घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

येताना तिने एक पुस्तकही आणले होते. गुळगुळीत कागद, भरपूर रंग, किंमत आपल्या चार पाठ्यपुस्तकांएवढी. पहिल्याच पानावर टोपी घातलेला ससा ‘हॅलो’ म्हणत होता. मुलाने ते उघडले, मिटले आणि टेबलाच्या कडेला सरकवून ठेवले. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाने सशाशी काय बोलायचे?

या मुलांना इंग्रजी येत नव्हते असे मात्र नाही. कोरियात १९९७ पासून तिसरीपासूनच इंग्रजी शिकवतात. तिथे महाविद्यालयीन प्रवेशाची एक मोठी परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकून उत्तरे लिहायची असतात आणि तेवढा वेळ देशभर विमानांना उतरू-उडू देत नाहीत! अशा वातावरणातून आलेली मुले. कर्मणी प्रयोगाची वाक्ये त्यांनी माझ्यासमोर भराभर बदलून दाखवली. पण ‘रिक्षावाल्याला इथे थांबा असे इंग्रजीत सांग’ म्हटले की खाली मान. पालकांनो, हे चित्र ओळखीचे वाटते ना? आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजी याच ठिकाणी अडते.

पुस्तकासाठी मी रावपुऱ्यातली दुकाने पालथी घातली. ‘रेन अँड मार्टिन’ समोरच होते. पण व्याकरणाने आधीच पोट भरलेल्या मुलांना पुन्हा तेच काय वाढायचे? विलायती पुस्तके देखणी, परंतु त्यांतली माणसे भुयारी रेल्वेने फिरतात, थंडीत कोट शोधतात. या मुलांना हवे होते ते भाजीवालीशी, वर्गातल्या मित्रांशी आणि नवरात्रात गरब्याला बोलावणाऱ्या शेजारणीशी बोलण्यापुरते इंग्रजी.

शिकवू लागल्यावर आणखी एक गोष्ट कळली आणि मला फार मौज वाटली. कोरियन भाषेची घडण कितीतरी बाबतींत आपल्या मराठीसारखी आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी. प्रत्यय नामाच्या मागे. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही भानगडच नाही, त्यामुळे दोघे ती कुठेही टाकत आणि कुठूनही गाळत. मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूपच बदलते. बहीण भावाला नावाने हाक मारत नसे, ‘ओप्पा’ म्हणे, म्हणजे आपला दादा. मलाही त्यांनी कधी नावाने संबोधले नाही, नुसते ‘टीचर’. आणि दोघेही ‘माय मदर’ऐवजी ‘अवर मदर’ म्हणत! आपणही ‘आमची आई’च म्हणतो की. विलायतेत बसून लिहिणाऱ्याला ही अडचण दिसणार कशी? मराठी माणसाला ती लगेच दिसते.

असा शोध चालू असताना मला आपल्या सयाजीराव महाराजांची आठवण झाली. १८७५ साली दत्तक विधानासाठी कवळाण्याहून आलेला बारा वर्षांचा गोपाळ. शेतकऱ्याचे घर, शिक्षण नसल्यासारखेच. इथे आल्यावर मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम अंगावर आल्या. इलियट साहेब शिक्षक होते. आणि १८८१ साली, महाराज अठरा वर्षांचे असताना, दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना राज्यकारभारावर इंग्रजीत व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापलेली आहेत. इंग्रजी सोपे, स्पष्ट. विषय मात्र राजाची कर्तव्ये, कारभाराची शिस्त, इंग्रज सरकारशी वागायचे कसे, असे. सहा वर्षांपूर्वी इंग्रजीचा गंध नसलेल्या तरुणाला दिवाणांनी भाषा सोपी करून दिली, पण विषय लहान केला नाही. मला हवे होते ते नेमके हेच.

शेवटी उत्तर मुलाच्या दप्तरातच सापडले. नववीचे ‘बीहाइव्ह’. त्यात कलामांचे रामेश्वरमचे बालपण आहे, बिस्मिल्ला खाँची शहनाई आहे. शहनाई म्हणजे काय हे सांगण्यासाठी मी कॅसेट लावली. मुलाने त्यांच्याकडच्या एका वाद्याचे चित्र काढून दाखवले आणि ते समजावताना दहा मिनिटे इंग्रजीत बोलला, चुकत का होईना. त्याच पुस्तकात मारिया शारापोव्हावर धडा आहे. लहान वयात रशिया सोडून ती अमेरिकेला गेली आणि दोन वर्षे आईपासून दूर राहिली. हा भाग वाचताना धाकटी थांबली. मग हळूहळू तिने मला तिच्या आजीबद्दल सांगितले. ‘अवर ग्रँडमदर’ एकटी आहे, रोज फोनवर रडते. मी ‘अवर’ सुधारले नाही.

जोडीला दोनच पुस्तके. एक रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’, तेही फक्त ‘अ’ आणि ‘द’ची पाने. डाव्या पानावर समजूत, उजव्यावर सराव, आणि भारतीय आवृत्ती परवडणारी. दुसरे म्हणजे मोजक्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टींची छोटी पुस्तके. या प्रकाराला वळण देणारे मायकेल वेस्ट हे विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुले पानापानावरच्या नव्या शब्दांनी दमून जातात हे त्यांनी पाहिले आणि शब्द मोजून वाचनमाला तयार केली. तीही आपल्याच उपखंडातल्या मुलांसाठी.

आता विश्वस्तांना एक विनंती. आठवी-नववीसाठी इंग्रजीची पूरक पुस्तके घ्यायची ठरली आहेत. ‘मुले कच्ची आहेत’ म्हणून त्यांच्यासाठी बालवाडीची चित्रांची पुस्तके आणू नयेत. यादी करण्यापूर्वी पाच-सहा नमुने आणून मुलांच्याच हातात द्यावेत. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक बाजूला. आणि मुलाने स्वतःहून पुढचे पान उलटले तर ते घ्यावे. विलायती छपाईला भुलू नये. दोन महागड्या संचांच्या पैशांत वर्गभर पुस्तके येतील.

ते कुटुंब २०१९ साली परत गेले. जाताना मुलाने गोष्टींची ती छोटी पुस्तके माझ्याकडे ठेवली. ती मी आपल्या शाळेच्या वाचनालयात दिली आहेत, दारालगतच्या कपाटात वरच्या फळीवर. समासात ठिकठिकाणी पेन्सिलीने कोरियन अक्षरांत अर्थ लिहिलेले आहेत. वाचणाऱ्यांनी शेजारी मराठीत जरूर लिहावे. ती अक्षरे मात्र खोडू नयेत.