कोपऱ्यावरचा शेजारी

चौकटींच्या पटावर गाव वसवायचा खेळ लिहायला घेतला की घरांच्या आधी शेजाऱ्यांचा प्रश्न येतो. एका चौकटीला शेजारी किती? कडेला कड लागते ते चार. नुसता कोपरा टेकतो तेही धरले तर आठ. एकदाच काय ते ठरवून मोकळं व्हावं असं वाटतं, पण तसं जमत नाही.

भिंतीचंच घ्या. खेळणारा तटबंदी तिरकी नेतो. प्रत्येक दगडी चौकट पुढचीला फक्त कोपऱ्यात टेकलेली. दिसायला भिंत सलग. पण चालणाऱ्यांना तिरकं पाऊल टाकायची मुभा असली, तर शत्रू त्या नसलेल्या फटीतून खुशाल आत येतो. भिंतीला आठ शेजारी दिले तर मोकळ्या जागेला चारच द्यावे लागतात. दोघांनाही आठ दिले की भिंतही सलग आणि वाटही खुली; दोघांनाही चार दिले की भिंत तुटकी, तरी वाट बंद! म्हणून आम्ही अट घालतो: तिरकं पाऊल टाकायचं तर लगतच्या दोन्ही चौकटी मोकळ्या हव्यात. शिवाय हे पाऊल साधारण १.४१ पट लांब पडतं. सरळ पावलाला १० आणि तिरक्याला १४ खर्च लावला की अपूर्णांकांची कटकट मिटते.

शेजार कशासाठी मोजतोय, यावर सगळं ठरतं असं माझं मत. रस्ता, पाट, वीज यांना कड लागते. धूर, गोंगाट, बागेची शोभा यांना कोपरा अडवत नाही. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांच्या ‘कार्कासोन’ या फरशा मांडायच्या खेळात (२०००) दोन्ही नियम एकाच पेटीत नांदतात. रस्ते आणि शहरं कडेनेच जुळतात. मठाला मात्र भोवतीच्या आठही फरशा मोजतात, पूर्ण वेढला की स्वतःसकट ९ गुण. तरी फारसं अडखळायला होत नाही. रस्ता कडेपर्यंत गेलेला दिसतो, मठ फरशीच्या मधोमध बसलेला.

षटकोनात ही भानगडच नाही, सहाही शेजारी कडेचे. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेने २०१०च्या पाचव्या खेळात तीच वाट धरली. सैन्य हलवायला झकास. पण घर बांधायच्या खेळात मला षटकोन नको. पलंग कुठे लावणार?

तेव्हा खेळ बनवणाऱ्यांना एकच विनंती: विहीर ठेवण्याआधी तिचं पाणी कुठल्या घरांना मिळणार, त्या चौकटी उजळून दाखवा. नियमांचं पान कोणी उघडत नाही.