तोंड एक, वायरी अनेक

विरार लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. फलाटावर आलेली गाडी बाहेरून कशी दिसते ह्याला काही किंमत नाही, इंडिकेटरवर काय लिहिलंय ते बघायचं. डबे तेच, गर्दी तीच, दारात लटकणारेही तेच. पण एक गाडी प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाणार आणि दुसरी बोरिवलीनंतर थेट अंधेरीला थांबणार.

हल्ली केबलींचंही अगदी हेच झालंय. लॅपटॉप मॉनिटरला जोडायची वायर आणायला दुकानात जा. समोर दहा केबली टांगलेल्या असतात, दहाही सारख्या दिसतात आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "सगळ्या फोर-के आहेत साहेब, कुठलीही घ्या."

पूर्वी हे दुखणं नव्हतं. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए आणलं. पंधरा पिनांचं ते निळं तोंड, बाजूला दोन स्क्रू. एकच केबल, ती लागली की लागली. मग १९९९ ला डीव्हीआय आलं, २००२ ला एचडीएमआय, २००६ ला डिस्प्लेपोर्ट आणि २०१४ ला यूएसबी-सी. प्रत्येक वेळी "आता ह्यापुढे एकच केबल" असं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी आपल्या ड्रॉवरमध्ये एका केबलची भर पडली :)

एरवी मी असल्या विषयावर अख्खा शनिवार घालवला नसता. पण ह्या वेळी प्रश्न नुसत्या चित्राचा नव्हता. गेल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय. आता पुष्कळ सुधारणा आहे, काठी घेऊन हॉलभर फिरतात. पण सकाळी अकराला फिजिओथेरपिस्ट येतो आणि दुपारी आईला जरा पडायला मिळायला हवं. ऑफिसात बोलून मी आठवड्यातले चार दिवस घरून काम मागून घेतलं. मॅनेजर म्हणाला, तीन महिने बघू. म्हणजे तीन महिन्यांत काम जराही ढिलं पडलं की मी परत वसई ते गोरेगाव. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन साडेतीन तास, आणि ते तास कोणाच्या वाट्याचे जाणार हे सांगायला नको.

लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर दहा-दहा तास कोड वाचून डोळे आणि मान दोन्ही जायची वेळ आली. म्हणून २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला. बाबांच्या कॉटवरून मी दिसेन आणि मला ते दिसतील असं टेबल हॉलमध्ये लावलं. खोक्यात एक एचडीएमआय केबल होती, ती जोडली. चित्र आलं, झकास. फक्त माउस हलवला की बाण टुणटुण उड्या मारत जायचा आणि कोड वर-खाली केला की अक्षरं फरफटत यायची. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं, तिथे लिहिलेलं: ३० हर्ट्झ. पडद्यावरचं चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतंय. सिनेमाला ते चालतं, दिवसभर अक्षरं सरकवणाऱ्याला नाही.

असं का होतं त्याचा हिशोब पाचवीच्या गुणाकाराचा आहे. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला की १२ गिगाबिटच्या आसपास जातं, ते पण नुसत्या चित्राचं. दोन चित्रांमधली मोकळी जागा आणि सिग्नल पाठवण्याच्या पद्धतीचा खर्च धरून एचडीएमआयला त्यासाठी सुमारे १८ गिगाबिटचा रस्ता लागतो. एचडीएमआय १.४ चा रस्ता १०.२ चा. २०१३ साली आलेल्या २.० चा १८ चा. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचं एचडीएमआयचं तोंड १.४ चं आहे. त्यामुळे ६० चित्रं जाऊच शकत नाहीत. तिथे तुम्ही दोनशेची केबल लावा नाहीतर सोन्याने मढवलेली दोन हजारांची लावा.

म्हणजे पहिला नियम असा: साखळीत तीन कड्या आहेत. लॅपटॉपचं तोंड, केबल आणि मॉनिटरचं तोंड. सगळ्यात कमजोर कडी जेवढं नेईल तेवढंच जाणार. केबल बदलण्याआधी दोन्ही तोंडं कुठल्या इयत्तेत आहेत ते कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा.

(कमी रुंदीच्या रस्त्यावरून ६० हर्ट्झ न्यायची एक युक्ती आहे. रंगाची माहिती अर्ध्याहून कमी करायची, शेजारच्या चार ठिपक्यांत एकच रंग वाटून द्यायचा. ही लोकलमधली चौथी सीट! बसलेले सगळेच असतात, सुखात कोणीच नसतो. व्हिडिओत कळत नाही, पण काळ्यावर लाल किंवा निळी बारीक अक्षरं लगेच पुसट होतात. आणि आमचा तर अख्खा दिवस काळ्यावरच्या रंगीत अक्षरांत जातो.)

मग लॅपटॉपच्या बाजूची यूएसबी-सीची दोन भोकं तपासली. इथे खरी गंमत आहे. यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. आत काय धावतं ते वेगळं. एका भोकातून नुसतं चार्जिंग आणि डेटा जाईल, शेजारच्यातून चित्रही जाईल. शेजारी डीपीचं छोटं चिन्ह किंवा विजेचा बाण असला तर चित्र जातं असं समजा. विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट. काही लॅपटॉपांवर चिन्हच नसतं, मग परत साइट. माझ्या लॅपटॉपवर एका भोकाशेजारी डीपीचं चिन्ह होतं. जीव भांड्यात पडला.

केबलीही तशाच. फोनबरोबर येते ती यूएसबी-सी केबल बहुतेक वेळा फक्त चार्जिंग आणि जुन्या यूएसबी २.० च्या वेगाची असते. चित्र वाहून नेणाऱ्या तारांच्या जोड्या तिच्यात घातलेल्याच नसतात. दोन्ही टोकं व्यवस्थित बसतात, मॉनिटर मात्र काळा तो काळाच.

हे मी आईला सांगत होतो तेव्हा बाबा कॉटवर बसून ऐकत होते. त्यांची अख्खी नोकरी टेलिफोनमध्ये गेली, केबल जॉइंटर म्हणून. पावसाळ्यात खड्ड्यात उतरून शंभर-शंभर जोड्यांची केबल रंग बघून जोडायची. झटक्यानंतर ते कमी बोलतात, शब्द सावकाश येतात. त्यांनी डावा हात पुढे केला, फोनची केबल मागितली आणि दोन बोटांत दाबून बघितली.

"किती जोड्या आहेत रे हिच्यात?"

"बाबा, डेटाची एकच. चित्र न्यायचं तर अजून चार लागतात."

"मग बारीकच लागणार ना हाताला." केबल परत देत म्हणाले, "बाहेरून सगळ्या काळ्याच असतात. कापल्यावर कळतं. तुला कापता येत नाही, तर वाचून घे."

इतकं सलग ते बऱ्याच दिवसांनी बोलले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

तर वाचून घेतलं, तेच इथे देतो. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या टेबलावर हाच प्रश्न पडलेला असणार.

मॉनिटर फुल एचडी असेल तर डोकं शिणवू नका. त्याला ६० हर्ट्झला ३ गिगाबिटच लागतात, घरातली कुठलीही धड एचडीएमआय केबल पुरते. १४४० वाल्यालाही १.४ पुरतं. खरी परीक्षा फोर-केपासून सुरू होते.

एचडीएमआय केबलवर "२.०", "२.१" असे आकडे बघून घेऊ नका. एचडीएमआयच्या नियमाप्रमाणे केबलवर आवृत्तीचा आकडा छापायचाच नसतो. नाव बघायचं: "प्रीमियम हाय स्पीड" म्हणजे १८ गिगाबिट, "अल्ट्रा हाय स्पीड" म्हणजे ४८. ह्या दोन्हींच्या खोक्यावर फोनने स्कॅन करता येणारं लेबल असतं.

डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयमध्ये जाणारी स्वस्त केबल एकाच दिशेने चालते. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ती उलटी लावून काही होत नाही, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो.

यूएसबी-सीच्या हबमध्ये एचडीएमआयचं भोक असतं म्हणून भुलू नका. हबला चित्राबरोबर यूएसबी डेटाही न्यायचा असतो, म्हणून बरेच हब चारपैकी दोनच जोड्या चित्राला देतात. मग परत ३० हर्ट्झ. खोक्यावर "फोर-के ६०" स्पष्ट लिहिलेलं हवं.

लांबी लागेल तेवढीच. तांब्याच्या केबलीत एवढ्या वेगाला दोन-तीन मीटरच्या पुढे भरवसा कमी होत जातो. पडदा मध्येच क्षणभर काळा होतो तो बऱ्याचदा त्यामुळे.

सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने चित्र सुधारत नाही. डिजिटल सिग्नल एक तर पोहोचतो किंवा अडखळतो. मात्र सोनं गंजत नाही, आणि आमच्या वसईच्या खाऱ्या हवेत तेवढा फायदा मी मान्य करतो.

शेवटी एकाच वायरीतून चित्र आणि चार्जिंग दोन्ही देणारे मॉनिटर. सुटसुटीत आहेत, पण महाग. शिवाय लाईट गेली आणि मॉनिटर इन्व्हर्टरवर नसला तर चार्जिंगही गेलं. मी तो मोह टाळला. लॅपटॉपचा चार्जर वेगळा ठेवला आणि मॉनिटरचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतला.

ह्या चाळणीतून माझ्यासाठी एकच केबल उरली: एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट, दोन मीटर, "फोर-के ६०" छापलेली. लॅमिंग्टन रोडला जायचा विचार होता, पण रविवारी अर्धा दिवस घराबाहेर काढण्यापेक्षा ऑनलाइन मागवली. हजाराच्या आत आली. जोडली, सेटिंग्ज उघडली, ६० हर्ट्झ. काळ्यावर लाल अक्षरं लिहून बघितली, कडा स्वच्छ.

तीन महिन्यांपैकी सात आठवडे झालेत. एक रिलीज घरून रात्री दोनला पार पडली, पडदा एकदाही लुकलुकला नाही. मॅनेजर पुढे काय म्हणेल ते त्याचं तो जाणे. पण अकराला फिजिओ आला की मी खुर्ची जरा वळवतो आणि बाबा उजव्या हाताची बोटं मोजून मिटतात-उघडतात ते बघतो. परवा त्यांनी ड्रॉवरमधल्या सगळ्या जुन्या केबली मागून घेतल्या. रोज थोड्या-थोड्या उजव्या हाताने गुंडाळतात, डाव्याने धरतात, रबर लावतात. त्यांच्या हाताला तो व्यायामच आहे. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून मी नाव लिहितो: कुठली चित्राची, कुठली नुसत्या चार्जिंगची.

व्हीजीएच्या दोन केबली मी फेकायला काढल्या होत्या. बाबा म्हणाले, "राहू दे, जाड आहेत. धरायला बऱ्या पडतात."